शोषखड्ड्यातलं बंदर

आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कठड्यात एक निळसर-हिरवा तुकडा बसवलेला आहे. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, वरून चकचकीत, कडेला खरबरीत. वृंदावन नव्याने बांधलं तेव्हा धाकट्या भाऊजींनी ओल्या सिमेंटात शंख-शिंपले दाबले, त्यांच्या जोडीला हाही दाबला. गेली वीसेक वर्षं मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर दिवा लावतेय. तो आला कुठून, हे मला कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी आमच्या दारात आली. पाठीवर सॅक, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. "काकू, तुमची विहीर आतून बघू का?" म्हणाली. आजवर विहिरीचं पाणी मागायला पुष्कळ जण आले, विहीर आतून बघायला आलेली ही पहिलीच! मी म्हटलं, आधी चहा घे. चहाचा कप हातात घेऊन ती अंगणात फिरत होती, ती वृंदावनापाशी येऊन थबकली.

"काकू, हा तुकडा कुठं मिळाला?"

आणि मैत्रिणींनो, त्या क्षणी मला जे आठवलं, त्याने माझी मलाच लाज वाटली.

आमचं गाव कुंडलिका नदीच्या खाडीकाठी, चौलच्या परिसरात. अलिबागकडून रेवदंड्याला येताना दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या लागतात, तो भाग. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचं वारं होतं. बी.ए. झालेली, बोलायची हौस असलेली नवी सून म्हटल्यावर गावाने मला पुढे केलं. सांडपाणी रस्त्यावर नको, प्रत्येक घरामागे शोषखड्डा हवा, असं सांगत मी पाखाडीपाखाडीतून फिरले. एका हिवाळ्यात आमच्या आळीत चाळीसच्या वर खड्डे झाले. डास कमी झाले, रस्ते कोरडे झाले. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

पण खड्डे खणताना दर दोन-तीन हातांवर खापरं निघायची. लाल, काळी, जाड, पातळ. कुठे तळव्याएवढ्या जाड भाजक्या विटा. गडी विचारायचा, "वहिनी, ही कुठं टाकू?" मी सांगायची, "त्याच खड्ड्यात टाक, निचरा चांगला होईल." एकदा हा निळसर-हिरवा तुकडा निघाला. मला वाटलं, कुणाची तरी कपबशी फुटली असेल. भाऊजींना आवडला म्हणून तेवढा राहिला.

त्या मुलीने तुकड्याचे फोटो काढले, भिंगाने कड पाहिली. म्हणाली, "अशी चकाकी असलेली भांडी इराणच्या आखाताकडून यायची, हजार-बाराशे वर्षांपूर्वी. हे तसंच दिसतंय. पण कुठल्या खड्ड्यातलं? किती खोल? त्याच्याबरोबर आणखी काय होतं?"

चाळीस खड्ड्यांपैकी एक, यापलीकडे मला काहीही सांगता आलं नाही. वस्तू समोर होती आणि तिचा पत्ता मी स्वतःच्या हाताने बुजवला होता.

चौल जुनं आहे, हे आम्हाला लहान मुलासारखं पाठ. रामेश्वराचं देऊळ, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला. पण 'जुनं' म्हणजे किती? इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिचं नाव 'पेरिप्लस'. त्यात कल्याणच्या पुढे 'सेमुल्ला' हे बंदर येतं. तेच आपलं चौल, असं अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुल' गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. दहाव्या शतकात मसूदी नावाचा अरब प्रवासी इथे आला, पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथल्या किनाऱ्याला उतरला. म्हणजे दीड हजार वर्षं जग या खाडीत येत-जात होतं.

१९९० चं दशक संपता संपता आणि त्यानंतरची काही वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलला शोध घेतला. सातवाहनकाळापासूनच्या वस्तीचे अवशेष त्यांना मिळाले. राजपुरीच्या खाडीवरचं मांदाड, गुहागरजवळचं पालशेत या जुन्या बंदरांवरही त्यांनी काम केलं. म्हणजे मी जेव्हा खापरं खड्ड्यात टाकायला सांगत होते, जवळजवळ त्याच वर्षांत काही मैलांवर माणसं तशीच खापरं ब्रशने पुसून पिशवीत भरत होती! त्यांना माझे खड्डे माहीत नव्हते आणि मला त्यांचा शोध.

मी त्या मुलीला विचारलं, "मग आता कुठं खणणार तुम्ही?"

ती हसली. "काकू, आम्ही खणायला आलेलोच नाही. कुठं खणायचं नाही, ते आधी ठरवायचंय."

हे माझ्या डोक्यावरून गेलं. मग तिने समजावलं, आणि ऐकता ऐकता मला लग्नघरची यादी आठवली. पाहुणे किती, मुहूर्त कधी, पाणी कुठून, भांडी कोण घासणार, हे ठरल्याशिवाय आपण चूल पेटवत नाही. खाडीतल्या संशोधनाचंही तसंच. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पुस्तक. पान उलटलं की ते नष्ट होतं. म्हणून आधी प्रश्न ठरवायचे. बंदर नक्की कुठं होतं? गलबतं कुठवर येत होती? गाळ कधी साचला आणि वस्ती कुठं सरकली? व्यापाऱ्यांचं सोडा, इथली साधी माणसं काय खात होती?

नदी समुद्राला मिळते तिथली जमीन एका जागी राहत नाही. नदी वरून माती आणते, भरती ती मागे ढकलते आणि गाळ बसत जातो. त्यात आपल्या पूर्वजांनी बांध घालून खारं पाणी अडवलं, खाजणाची भातशेती केली. शिलोत्री जमिनी म्हणतात त्या याच. त्यामुळे आज जिथं आपण लावणी करतो, तिथं कधीकाळी होड्या लागत असतील. बंदर पाण्यात शोधायला जावं आणि ते भाताच्या खाचरात निघावं, असंही होऊ शकतं! म्हणून पहिलं काम नदीचा जुना मार्ग शोधण्याचं. जुने नकाशे, उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रं आणि पोकळ गिरमिटाने जमिनीतून काढलेला गाळाचा लांब दांडा. त्या दांड्यात थर दिसतात. खाडीतले शिंपले कुठं संपले, गोड्या पाण्याची माती कुठं लागली, कोळसा कुठं आहे. कोळशावरून, बियांवरून वय काढता येतं. एवढ्याशा भोकाने जमिनीला फारशी इजाही होत नाही.

दुसरं काम वेळापत्रकाचं, आणि इथं आपण बायका त्यांच्या पुढे आहोत. रविवारची सुट्टी बघून खाडीत उतरता येत नाही, तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि एरवी पाण्याखाली असलेला काठ उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. त्यात ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. पावसाळ्याचे चार महिने काम बंद. खाचरातून चालत खापरं बघायची तर भात कापून झाल्यावर, पण वाल पेरायच्या आत. अशी चाळणी लावली की वर्षातले कामाचे दिवस बोटावर मोजण्याइतके उरतात. ती मुलगी मोबाइलमध्ये भरतीचं कोष्टक बघत होती. शेजारच्या कोळीवाड्यातल्या आजींनी तिला तोंडी सांगितलं, "परवा सकाळी नवाला ये, पाणी आटलेलं असेल." ती गेली, आणि पाणी आटलेलं होतं!

त्याच आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं, चिखलात कुठं पाय रुततो आणि कुठं खाली दगड लागतो. कालव चिखलाला धरत नाही, त्याला कठीण जागा लागते. मग चिखलाच्या मधोमध कालवं असतील, तर खाली काहीतरी टणक आहे. तो खडक असेल, कुणाच्या होडीचं बुडालेलं वजन असेल, नाहीतर एखाद्या धक्क्याची जुनी भिंतही असेल. त्या मुलीने लगेच वही काढली. आजींना मात्र नवल वाटलं. "एवढं काय त्यात? आम्ही सत्तर वर्षं बघतोय." सत्तर वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तिसरं काम मला सगळ्यात पटलं. काही मिळालं तर ठेवणार कुठं? खाडीच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, दोर, बिया, चामडं शेकडो वर्षं टिकतं. पण बाहेर काढून वाळू दिलं की लाकूड आक्रसतं, तडकतं. आपल्या खारातल्या कैऱ्या वर्षभर टिकतात आणि बाहेर काढून ठेवल्या की दोन दिवसांत सुरकुततात, तसंच. म्हणून पाण्याची टाकी, प्रयोगशाळा, पैसा आणि माणूस यांची सोय नसेल तर लाकूड दिसलं तरी काढायचं नाही. जागा नोंदवायची, फोटो घ्यायचा आणि पुन्हा चिखलाने झाकायचं. खापरांचंही तेच. धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर क्रमांक घालायचा, चित्र काढायचं, अहवाल लिहायचा. खणणं त्यातलं सगळ्यात थोड्या दिवसांचं काम. आराखड्यात या मागच्या आवराआवरीला पैसे ठेवले नाहीत, तर पोती भरून खापरं कोपऱ्यात पडून राहतात.

ज्यांनी हे आधीच ठरवून केलं, त्यांची उदाहरणं मी नंतर वाचली. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाच्या सगळ्या प्रदेशासाठी १९९९ मध्ये संशोधनाचा आराखडा छापला गेला. काय माहीत आहे, काय नाही आणि आधी काय शोधायचं, हे त्यात मांडलं. २०१० मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. लंडनमध्ये २००८ पासून साध्या नागरिकांना शिकवून ओहोटीच्या वेळी काठाची नोंद ठेवायला उतरवतात. आपल्या जवळचं उदाहरण केरळातलं. पेरियार नदीच्या मुखाजवळ पट्टणम हे गाव आहे. पावसानंतर तिथल्या लोकांना अंगणात जुने मणी सापडायचे. २००७ पासून केरळच्या इतिहास संशोधन परिषदेने तिथं उत्खनन केलं, तेही नांदत्या गावात, लोकांच्या परसात. भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या कुंभांचे तुकडे मिळाले, धक्का मिळाला आणि चिखलात टिकलेली सुमारे ६ मीटर लांबीची लाकडी नाव मिळाली. प्राचीन मुझिरिस बंदर ते हेच, असं अनेक अभ्यासक म्हणतात. गुजरातच्या हद्दीत, आपल्या डहाणूच्या पलीकडे संजाणलाही २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं. पारशी मंडळींच्या आठवणीतलं ते गाव. माझ्या वृंदावनातल्या तुकड्यासारखी निळी-हिरवी चकाकीची भांडी तिथं निघाली. फरक एवढाच, की त्यांच्या प्रत्येक तुकड्याला पत्ता आहे.

हे सगळं मी उत्साहाने घरी सांगत होते तेव्हा जाऊबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि तुझ्या खापरांपायी जमिनीचा व्यवहार अडकला तर?"

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे वाड्या झपाट्याने विकल्या जाताहेत. मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. बंगल्यांचे पाये, तरण तलाव, रस्ते. मी चाळीस शोषखड्डे पहारीने खणवले, तेवढी माती आता जेसीबी अर्ध्या दिवसात उपसतो. जाऊबाईंना मुलीच्या शिक्षणासाठी परसातला तुकडा विकायचा आहे. 'इथं जुनं काही निघालं' अशी बातमी फुटली तर गिऱ्हाईक पळेल, सरकार जागा घेईल, ही भीती गावात घरोघरी आहे. म्हणूनच लोक काही निघालं की चटकन बुजवतात.

मी कायदा विचारून घेतला. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते, हे खरं आहे. पण परसात खापरं निघाली म्हणून जागा आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी सरकारला आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकत घ्यायला दोन महिन्यांची मुदत असते. हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ही गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी गावाला सांगायला हवी होती." खरंच की! मला वाटतं, खाडीकाठच्या कुठल्याही आराखड्याचं पहिलं पान हेच हवं. तुमच्या जमिनीचं काय होईल, काय होणार नाही, मिळालेली वस्तू कुठं जाईल, अहवाल मराठीत तुम्हाला कधी वाचायला मिळेल. हे साध्या भाषेत, ग्रामसभेत आणि बायका हजर असतील अशा वेळी. गिरमिट आणि उपग्रह त्यानंतर.

ती मुलगी जाताना मला एक काम देऊन गेली. म्हणाली, "काकू, गावात लोक खणतच राहणार. विहीर, खड्डा, पाया. आम्ही चार जण वर्षातून आठ दिवस येतो. तुम्ही इथं बारा महिने असता." मग आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एक वेगळी वही उघडली. गंमत म्हणजे सुरुवातीला सगळ्या हसल्या आणि मग एकेकीला आठवायला लागलं. कुणाच्या माहेरच्या विहिरीत जाड विटांचा थर होता. कुणाच्या सासऱ्यांनी माडाच्या आळ्यात मणी बघितला होता. आज त्या वहीत सतरा विहिरी आणि बावीस खड्डे आहेत. आमच्या जुन्या चाळीस शोषखड्ड्यांपैकीही अकरांची जागा आम्ही आठवून लिहिली. खोली कुणालाच आठवत नाही. तो रकाना मी मुद्दाम कोरा ठेवलाय.

या वहीतून बंदर सापडेल का, हे मी सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी जे कोणी नकाशा पसरून बसतील, त्यांना 'इथं चाळीस खड्डे झाले आणि काहीच कळलं नाही' असं लिहावं लागणार नाही.

गेल्या महिन्यात जाऊबाईंनी परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला. संध्याकाळी मी दिवा लावत होते, त्या मागून आल्या आणि एक बिस्किटाचा जुना डबा माझ्या हातात दिला. आत कागदात गुंडाळलेली चार खापरं. वर भाचीच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

"परसातली. वाकड्या माडापासून पाच हात, विहिरीच्या बाजूला. कमरेइतक्या खोल. काळ्या मातीत."

जाऊबाई म्हणाल्या, "खड्ड्याचा फोटोही काढलाय हो. नाहीतर पुन्हा म्हणशील, पत्ता कुठाय?"

चौकट : घराशेजारी खणताना

• खापरं, विटा, मणी निघाले तर काम दहा मिनिटं थांबवा. वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा.

• विहीर, झाड, घराचा कोपरा अशा न हलणाऱ्या खुणेपासूनचं अंतर आणि वरून खोली लिहा. मातीचा रंगही लिहा.

• वेगवेगळ्या खड्ड्यांतल्या वस्तू एकत्र करू नका. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी हवीच.

• ओलं लाकूड दिसलं तर ओढू नका, उन्हात ठेवू नका. चिखलाने झाका आणि कळवा.

• मुद्दाम शोधासाठी स्वतः खणू नका. उत्खननाला परवाना लागतो. नाणी, दागिने अशी मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. इतर गोष्टींसाठी राज्य पुरातत्त्व विभागाशी किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोला.